हिरडीचा पंचनामा

पेरूच्या पांढऱ्या गरावर, जिथे चावा घेतला होता त्या कडेला, तांदळाच्या दाण्याएवढी एक गुलाबी रेघ होती. कडेला ती गडद होती आणि गराकडे जाताना फिकट होत गेली होती. झुंबररावांनी पेरू उजेडात धरला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि पेरूवालीने आपल्याला फसवलं असा निष्कर्ष काढला.

यात त्यांचा दोष नव्हता. झुंबरराव कालवा निरीक्षक होते आणि लासुर्ण्याला पाटबंधाऱ्याच्या वसाहतीत राहत होते. संशय घेणं हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता. कालव्याचा भराव कोरडा दिसला तर तो इतका कोरडा का, आणि ओला दिसला तर ओला का, असे दोन्ही प्रश्न त्यांना पडत. रात्री पाण्यासाठी चोरून चारी, म्हणजे शेताकडे जाणारा पाट, फोडणारा माणूस दुसऱ्या दिवशी हमखास वाकून नमस्कार करतो, असा त्यांचा अनुभव होता. त्यामुळे नमस्कार करणाऱ्यांवर त्यांची विशेष नजर असे.

दुसऱ्या दिवशी ते एस. टी. स्टँडसमोरच्या पेरूवालीकडे गेले आणि आतून लाल निघणारा माल पांढरा म्हणून विकल्याबद्दल तिला जाब विचारला. बाईने एक पेरू कापला. पांढरा. दुसरा कापला, तिसरा कापला, सगळे पांढरे. कापलेले पेरू परत टोपलीत जात नाहीत, हा बाजाराचा नियम असल्यामुळे ते सगळे झुंबररावांना घ्यावे लागले. तिथेच उभं राहून त्यांनी एकेक खायला घेतला आणि प्रत्येकावर गुलाबी रेघ उमटली.

“साहेब,” पेरूवाली म्हणाली, “पेरू माझा हाय, तोंड तुमचं हाय.”

एवढं स्पष्ट निदान पुढे कित्येक महिने त्यांना कुणी दिलं नाही. पण ते विकणाऱ्याच्या तोंडून आल्यामुळे झुंबररावांनी फेटाळलं.

घरी आल्यावर संशय ब्रशवर गेला. ब्रश तुळसाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, वालचंदनगरच्या बाजारातून आणला होता. तो मुद्दाम राठ आणला का, असं विचारून झाल्यावर आणि तुळसाबाईंनी “तुमचं तुमी आणत जावा” असं सांगून झाल्यावर त्यांनी ब्रश बदलला. तरी रक्त आलं. मग पेस्ट बदलली. मग पेस्ट सोडून राखुंडी घेतली, राखुंडी सोडून कडुनिंबाची काडी घेतली. रक्त येतच राहिलं. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी हा नियम त्यांनी कुठेही न शिकता काटेकोर पाळला. फक्त सगळ्या प्रयोगांत तोंड तेच होतं, ही गोष्ट ते निष्कर्षात धरायला विसरले.

शेवटी त्यांनी असं अनुमान काढलं की रक्त नेहमी दात घासतानाच येतं, म्हणजे घासण्यानेच येतं. तेव्हा ज्या जागी येतं तिथे घासायचंच नाही. यापुढे त्यांचा ब्रश दातांच्या वरवर, पाहुण्यासारखा उभ्या उभ्या येऊन जाऊ लागला.

शेजारच्या क्वार्टरमध्ये आप्पासाहेब राहत. ते त्याच कार्यालयात कारकून होते आणि नियमावली तोंडपाठ असल्याने आपल्याला वैद्यकही येतं, असं त्यांना वाटे. त्यांनी तुरटीच्या पाण्याने चूळ भरायला सांगितलं. झुंबररावांनी भरली, तोंड आवळल्यासारखं झालं आणि आठवडाभरात रक्त थांबलं. झुंबररावांनी वसाहतभर सांगितलं की रोग मोडला. एकदा भराव पाझरत असताना एका ठेकेदाराने बाहेरून सिमेंटचा गिलावा फासून काम पूर्ण झाल्याचं सांगितलं होतं. तेव्हा झुंबररावांनी त्याला भर उन्हात तो गिलावा स्वतःच्या हाताने खरवडायला लावला होता. तुरटीच्या बाबतीत ही हकिगत त्यांना आठवली नाही.

मग तुळसाबाई त्यांच्याशी बोलताना तोंड फिरवू लागल्या. बोलताना नजर चुकवणारा माणूस काहीतरी लपवतो, हे झुंबररावांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी बायकोवर बारीक लक्ष ठेवलं. तिने माहेरी काही पाठवलं का, डब्यात काही ठेवलं का, सगळं पाहिलं. काही सापडेना तेव्हा समोर बसवून विचारलं. तुळसाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, “वास येतोय तुमच्या तोंडाला. उन्हाळ्यापास्नं येतोय. दवाखान्यात जावा.”

आता दवाखान्यात जायचं म्हणजे रजा आली. झुंबररावांनी ‘हिरडीच्या तपासणीसाठी’ असं कारण लिहून रजेचा अर्ज दिला. तो वरून शेरा होऊन परत आला: हिरडी हा दाताचा भाग आहे की स्वतंत्र अवयव आहे, याचा खुलासा व्हावा. झुंबररावांनी स्वतंत्र असल्याचा खुलासा केला. मग विचारणा झाली की दात सुस्थितीत असताना केवळ हिरडीसाठी तालुक्याबाहेर जाण्याचं प्रयोजन काय. आप्पासाहेबांनी सुचवलं की सरळ ‘पोटदुखी’ लिहावं, पोटाला खात्यात मान आहे. पण झुंबरराव तत्त्वाचे पक्के होते. त्यांनी रजा मागे घेतली आणि बायकोला सांगितलं की सरकारच नको म्हणतंय. तुळसाबाईंनी रविवार असतो याची त्यांना आठवण करून दिली.

बारामतीला डॉक्टर तेजश्री यांचा दवाखाना एका एस.टी.डी. बूथच्या वरच्या मजल्यावर होता. बाई मूळच्या बावड्याच्या, वयाने तरुण, बोलणं थोडं. हे थोडं बोलणं झुंबररावांना पहिल्यापासून खटकलं. त्यांनी तोंड उघडलं तेव्हा बाईंनी लहानसा आरसा आत घातला आणि एक बारीक सळई घेतली. सळईवर काळ्या खुणा होत्या. ती दात आणि हिरडीच्या मध्ये हळूच टेकवून त्या फटीच्या खोलीचे आकडे बोलत आणि कागदावर टिपत. तीन. तीन. पाच. सहा.

झुंबररावांनी हात वर केला. बाईंनी सळई बाहेर काढली.

“मॅडम, मोजपट्टी तपासून घेतलीया का?”

प्रश्न गैर नव्हता. पाण्याच्या पातळीचे आकडे लिंबाखाली बसून कसे घेतले जातात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार. बाईंनी सळई त्यांच्या हातात दिली, त्यांनी खुणा नखाने मोजल्या आणि परत केली.

मग बाईंनी समजावून सांगितलं. आपण जेवतो तेव्हा दाताच्या मुळाशी एक चिकट थर बसतो, तो जंतूंचा असतो. रोज नीट घासला तर निघतो. राहिला तर थुंकीतले क्षार त्यात मुरतात आणि त्याचा दगड होतो, तो मग ब्रशने निघत नाही. दगड खडबडीत असतो, म्हणून त्यावर नवा थर आणखी लवकर धरतो. हिरडी सुजते, लाल होते, धक्का लागला की रक्त येतं. इथवर सगळं परत पहिल्यासारखं होऊ शकतं. पण तसंच सोडलं तर हिरडी दातापासून सुटते, फट पडते, थर फटीत खाली उतरतो आणि दात ज्या हाडात उभा आहे ते हाड आतून झिजायला लागतं.

“घुशीच्या बिळासारखं,” झुंबरराव नकळत म्हणाले. वरून एवढंसं भोक, आणि आत सगळा भराव पोकळ.

“तसंच,” बाई म्हणाल्या. “आणि दुखत नाही. दात हलायला लागेपर्यंत कळत नाही. तुमचा रोग काही ठिकाणी तिथवर गेलाय, काही ठिकाणी अजून अलीकडे आहे. दगड काढून आतली साफसफाई करायला हवी, काका. चार-पाच खेपा होतील.”

इथे झुंबररावांचा संशय पुन्हा ताठ उभा राहिला. न दुखणाऱ्या रोगावर चार-पाच खेपांचा इलाज. त्यांनी आरशात पाहिलं. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला पिवळसर, सलग, चांगला जाड बांध होता. दात त्याच्या आधाराने उभे होते, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. हा बांध काढायचा म्हणजे दात पडणारच, आणि पडले की बसवायलाही हीच बाई. एकाच माणसाने बांध फोडायचा आणि दुरुस्तीचं कामही त्यानेच घ्यायचं, हा प्रकार त्यांनी पाहिलेला होता.

“विचार करून कळवतो,” ते म्हणाले. पाणी मागायला आलेल्या शेतकऱ्यांना ते स्वतः हेच वाक्य सांगत, त्यामुळे त्याचा अर्थ त्यांना पक्का माहीत होता.

दात साफ केले की हलतात, याला वसाहतीत साक्षीदार पुष्कळ निघाले. प्रत्येकाचा कुणीतरी मेहुणा किंवा साडू दात साफ करायला गेला होता आणि बोळका होऊन आला होता. मेहुण्याचं गाव विचारलं की मात्र ते लांबचं निघे. आप्पासाहेबांनी जुनं बांधकाम हलवू नये, असं तत्त्व म्हणून सांगितलं.

धोंडीबा तात्यांनी तत्त्वाचा आधार घेतला नाही. तात्या हे झुंबररावांचे चुलते. पूर्वी घराण्याची मेंढरं होती, आता ऊस आणि डाळिंब होतं, तरी तात्या दर बाजाराला इंदापूरला जाऊन दुसऱ्याची मेंढरं पारखून देत. ते वसाहतीत आले, पाणी प्याले आणि बोलता बोलता त्यांनी एका हाताने पुतण्याचा जबडा धरला, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खालचा ओठ दाबला आणि ओट्यावर जमलेल्या चार माणसांदेखत दात पाहिले. मेंढराचं वय दातांवरून ठरतं. दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग आठही दात आले की जुळलेलं. त्याच्या पुढची पायरी बाजारात कुणी मोठ्याने बोलत नाही.

“जुळून लई दिस झालं,” तात्यांनी निकाल दिला. “आता खाटकाबिगर गिऱ्हाईक न्हाय.”

माणसं हसली. झुंबररावही हसले. पण त्यांना जेवण गेलं नाही. लहानपणी त्यांच्या मेंढरांच्या वाड्यावर एक जुनी मेंढी होती, पांढऱ्या कानाची. दात गेल्यावर पोटापर्यंत वाढलेल्या गवतात उभी राहूनही ती रोडावत गेली, आणि एका सकाळी ती कळपात दिसली नाही. कुणाला विचारायचं नसतं, हे तेव्हाही त्यांना कळत होतं. निवृत्ती आता जवळ आली होती. दात गेलेला माणूस आणि काम गेलेला माणूस यांत त्यांना फारसा फरक वाटत नव्हता. दात असेतोवर आपण कळपात आहोत, एवढं त्यांनी मनाशी धरलं होतं, आणि म्हणूनच दातांच्या जवळ कुणी सळई घेऊन आलेलं त्यांना चालत नव्हतं.

त्या संध्याकाळी तुळसाबाईंनी न विचारता भाकरी दुधात कुस्करून वाढली. झुंबररावांनी ताट बाजूला सारलं आणि कोरडी भाकरी मागून घेतली. ती चावायला त्यांना बराच वेळ लागला. तुळसाबाई समोर बसून राहिल्या.

यानंतर उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, आली. आवर्तनात कालवा निरीक्षकाला मरायलाही सवड नसते, हे कारण त्यांना फार उपयोगी पडलं. आवर्तन संपल्यावर लग्नसराई होती. लग्नसराईनंतर मृग होता. बारामतीला कधी कळवणार, असं तुळसाबाई अधूनमधून विचारत आणि झुंबरराव विचार चालू असल्याचं सांगत.

आणि एके दिवशी फुटाणे खाताना तोंडात कडकन वाजलं. त्यांनी जिभेने चाचपलं आणि तळहातावर एक पिवळट, कडक, वाटाण्याच्या डाळीएवढा तुकडा थुंकला. आरशात पाहिलं तर खालच्या पुढच्या दातांमागचा बांध दोन दातांपुरता फुटलेला होता. बोट लावलं. दोन्हींतला एक दात हलत होता.

झुंबररावांना धक्का बसला, पण त्याच वेळी एक समाधानही वाटलं. शंका खरी ठरली होती. सळई टोचून बाईंनी बांध खिळखिळा केला होता, आता तो ढासळला. त्यांनी तुकडा काड्यापेटीत घातला आणि आप्पासाहेबांना बोलावलं.

बांध फुटला की पहिल्यांदा पंचनामा. आप्पासाहेबांनी कोरा कागद घेतला आणि ‘आम्ही खाली सह्या करणार पंच’ अशी सुरुवात केली. दुसरे पंच म्हणून तात्यांचा अंगठा घेतला. मग आप्पासाहेबांनी गंभीरपणे सांगितलं की, प्रतिपक्षाने पाहणी करेपर्यंत घटनास्थळ जसंच्या तसं राहिलं पाहिजे. तिथे घाण साचली, अन्न अडकलं, तर बाई म्हणतील की तुमच्याच हलगर्जीने झालं.

झुंबररावांना हे पटलं. त्यांनी लहान मुलाचा मऊ ब्रश आणला आणि रोज सकाळ-संध्याकाळ फक्त तेवढ्या दोन दातांमागची जागा, हिरडीच्या कडेपर्यंत, हलक्या हाताने साफ करू लागले. मिठाच्या कोमट पाण्याने तिथे चूळ घोळवू लागले. बाकीच्या तोंडाशी त्यांना कर्तव्य नव्हतं, तिथे पुरावा नव्हता. बारामतीला लगेच जायचं होतं, पण आप्पासाहेबांना पंच म्हणून बरोबर यायला रविवार मोकळा मिळेना. एकदा पाहुणे, एकदा वास्तुशांत, एकदा नरसिंहपूरला दर्शन. असे बरेच रविवार गेले. घटनास्थळाची राखण चालूच होती.

शेवटी दोघं एकदाचे एस. टी.ने बारामतीला पोहोचले. काड्यापेटी झुंबररावांच्या वरच्या खिशात होती आणि वाटेत एकाने विडीसाठी काडी मागितली तेव्हा त्यांनी ती हाताने झाकून धरली. दवाखान्यात त्यांनी काड्यापेटी टेबलावर ठेवली, पंचनामा त्याशेजारी ठेवला आणि खुर्चीला न टेकता बसले.

डॉक्टर तेजश्रींनी पंचनामा शेवटपर्यंत वाचला. मग तुकडा चिमट्यात धरून भिंगाखाली पाहिला.

“हा दात नाही, काका. दगड आहे.”

“दात तर हालतोय.”

“तो मागेही हलत होता. दगडाने शेजारच्या दाताला जखडून धरला होता, म्हणून तुम्हाला कळत नव्हतं.” त्यांनी आरसा घेतला. “उघडा बघू.”

झुंबररावांनी तोंड उघडलं. बाईंनी आत पाहिलं. जुना कागद काढून शेजारी ठेवला. सळई त्या दोन दातांमागे टेकवली, बाहेर काढली, निरखली. तिला रक्त नव्हतं. मागे सहा होते तिथे आता चार होते. मग त्यांनी सळई लगतच्या दाताला टेकवली, तर तिथून लगेच लाल थेंब वर आला.

या जागेवर कुणाकडे इलाज केला, असं त्यांनी विचारलं. झुंबरराव दुखावल्या स्वरात म्हणाले की इलाज कसला, आपण घटनास्थळ राखलं. आणि त्यांनी मऊ ब्रश, मिठाचं पाणी, सकाळ-संध्याकाळ, सगळं सांगितलं. बाईंनी ते ऐकून घेतलं. मग झुंबररावांच्या हातात मोठा आरसा दिला आणि लहान आरसा आत धरून दिवा त्या जागेवर वळवला.

दोन दातांमागची हिरडी फिकट गुलाबी होती, दाताला घट्ट चिकटलेली. तिच्या दोन्ही बाजूंना, अगदी नखभर अंतरावर, हिरडी लालभडक, फुगीर आणि कडेला चमकणारी होती. एकाच माणसाच्या एकाच तोंडात, एकाच थुंकीत.

झुंबररावांनी आरसा उलटा करून मागून पाहिला. मागे काही नव्हतं. मग त्यांनी आप्पासाहेबांना पुढे बोलावलं. आप्पासाहेबांनी चष्मा पुसला, वाकून बराच वेळ पाहिलं आणि सरळ झाले.

“झुंबरराव, पंच म्हणून खरं बोलावं लागतं,” ते म्हणाले. “तेवढी जागा सोडली तर बाकीचं तोंड वाईट हाय.”

“मी दगड काढला नाही,” बाई म्हणाल्या, “औषधही दिलं नाही. दगड आपोआप गेला आणि तुम्ही ती जागा राखली. बाकी तोंडाचं तसंच करायचं, एवढंच मी मागे म्हणत होते. फक्त सगळीकडचे दगड फुटाण्यांनी निघणार नाहीत. आणि हिरडीच्या आत जे उतरलंय ते तर नाहीच.”

झुंबररावांनी हलणाऱ्या दातावर जीभ फिरवली. हा पडणार का, असं त्यांनी विचारलं, आणि विचारताना आवाज लहान झाला हे त्यांनाही कळलं.

“गेलेलं हाड परत येणार नाही,” बाई म्हणाल्या. “उरलंय तेवढ्यावर हा बरीच वर्षं उभा राहू शकेल, असाच राखलात तर. बाकीचे दगड काढले की काही दिवस दात हलके वाटतील, फटी दिसतील, गार पाणी झोंबेल. आणि एखादा दात नाहीही वाचणार. त्याची हमी मी देत नाही.”

कालव्यावर झुंबररावांना आजवर पुष्कळांनी हमी दिली होती. ठेकेदारांनी दिली होती, चारी न फोडण्याची शपथ घेणाऱ्यांनी दिली होती, आणि ज्याने हमी दिली त्याचाच भराव पहिल्या पाण्याला खचला होता. हमी देत नाही, असं तोंडावर सांगणारं माणूस त्यांनी प्रथमच पाहिलं. संशय घ्यावा अशी एखादी जागा ते मनाशी शोधत राहिले. बाई वाट पाहत होत्या. त्यांनी सळईही खाली ठेवली होती.

आप्पासाहेबांनी हळूच विचारलं की, पंचनाम्यात पुढे काय लिहायचं. विचार करून कळवतो, असं लिहू का?

“न्हाय,” झुंबरराव म्हणाले. ते खुर्चीत मागे रेलले आणि मान उशीवर टेकवली. “मॅडम, काढा. आजच सुरू करा, सगळं काढा. दात हालला तर हालू द्या, मी बोंब मारणार न्हाय.”